टेग्लंडच्या भिंतीवरच्या रिकाम्या जागा

ओर्लिन टेग्लंडकडे पाना मागायला जाऊन पाच मिनिटांत परत येतो, असं म्हणणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत नव्हता. असता तर त्याला आम्ही वेड्यात काढलं असतं. साधा पाऊण इंची पाना हवा असला तरी ओर्लिन आधी विचारणार, "कशाला?" वॉटर पंप गेलाय म्हटलं की विचारणार, "कुठल्या सालचा ट्रक?" साल सांगितलं की मान अशी हलवणार, जसं काही कोणाच्या घरचं माणूस गेल्याचं कळलंय. मग किटली ठेवणार, पाण्यासारखी पातळ कॉफी कपात ओतणार, आणि तो वॉटर पंप नुसत्या तोंडानं सबंध खोलून, धुऊन पुसून, परत बसवून दाखवणार. त्यानंतर पाना. तोवर घरी जेवण निवून गेलेलं असायचं.

आणि तरी सगळे त्याच्याकडेच जायचे. उत्तर डकोटाचा हा पूर्वेचा भाग म्हणजे नजर पोचेल तिथवर बीटाची शेतं, आणि एका घरापासून दुसरं घर मैलभर लांब. गॅरेज चाळीस मैलांवर. पण ते दारात असतं तरी कोणी गेलं नसतं. ज्याचा ट्रक त्यानंच आपल्या अंगणात खोलायचा, ही आमच्याकडची रीत. धडधाकट असून ट्रक गॅरेजात नेणारा म्हणजे दुसऱ्याकडून बुटाची नाडी बांधून घेणारा, असंच लोक समजायचे. तोंडावर बोलायचे नाहीत, आमच्याकडे तोंडावर कोणी काहीच बोलत नाही. पण समजायचे.

ओर्लिन काउंटीच्या रस्तेखात्यात एकतीस वर्षं मेकॅनिक होता. रस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या गाड्या त्यानं उणे तीसच्या थंडीत, उघड्यावर पडून दुरुस्त केल्या होत्या. त्यामुळे अवजारांचं त्याला वेड होतं असं म्हणणं कमीच होईल. बेअरिंग खेचून काढायचा पुलर, चेनकप्पी, तीन जातींचे जॅक, गोटीपान्यांचे संच, इंजिन टांगायची लोखंडी घोडी. जे बाजारात मिळालं नाही ते त्यानं स्वतः केलं. त्यातलं सगळ्यात नावाजलेलं म्हणजे त्याचा गाडा. मोडीत निघालेल्या गवत गोळा करायच्या यंत्राची चाकं, जुन्या खाटांचं लोखंड आणि वर ओकच्या जाड फळ्या. उंचीला इतका बुटका की ट्रकखाली जायचा. मधोमध फळ्यांना खोलगट खाच, म्हणजे गिअरबॉक्स लोळून पायावर यायला नको. त्या गाड्यावर इंजिन ठेवलं तर चिखलातूनही एकटा माणूस ते घरापर्यंत ओढत न्यायचा. दुसरी एक छोटी गाडी होती, तीन खणांची, हत्यारं जवळ ठेवायला. तिची चाकं त्याच्या मुलीच्या, करीनच्या, बाबागाडीची होती. करीन आता ॲरिझोनात असते, तिचीच मुलं कॉलेजात आहेत, पण चाकं अजून कुरकुरत नव्हती.

ओर्लिनच्या घरच्या गॅरेजची मागची भिंत म्हणजे भोकं पाडलेली लाकडी पाटी होती. त्याच्या बायकोनं, मार्डेलनं, प्रत्येक अवजार भिंतीवर धरून त्याच्याभोवती पांढऱ्या रंगानं रेघ ओढली होती. पान्याच्या जागी पान्याची आकृती, हातोड्याच्या जागी हातोड्याची. "तू गेल्यावर कुठलं कुठे टांगायचं हे मला कळायला नको?" असं म्हणून ती हसली होती. पण तीच आधी गेली. सहा वर्षं झाली.

आता जी गोष्ट सांगतोय ती ओर्लिननं कोणाला सांगितली नव्हती. त्याला त्या भिंतीवरच्या रिकाम्या जागा आवडायच्या. सकाळी उठला की कॉफीचा कप घेऊन तो गॅरेजात जायचा आणि भिंत वाचायचा. पुलर नाही, म्हणजे तो वेंडेल हाउगनकडे आहे, म्हणजे वेंडेल येणार. चेनकप्पी नाही, म्हणजे लव्होन येणार. गाडा तर अंगणात सलग दोन दिवस कधी राहिलाच नाही. आणि आमच्याकडे उसनी वस्तू रिकाम्या हातानं परत करत नाहीत. कोणी डझनभर अंडी आणायचं, कोणी जांभळ्या रानबोरांचा मुरंबा, नाताळाच्या आसपास बटाट्याची पातळ पोळी, लोण्यासाखरेची. मग पुन्हा किटली. म्हणजे एका पान्यामागे दोन खेपा, दोन कॉफ्या.

मार्डेल गेल्यावर त्यानं एक चलाखी सुरू केली. कोणी पाना मागितला की तो म्हणायचा, "गोटीपान्यांचा संचही घेऊन जा. लागेल." समोरचा म्हणायचा, "नको रे, कशाला?" तो म्हणायचा, "लागला नाही तर सावकाश आण." आणि दिलेली वस्तू त्यानं आयुष्यात कधी परत मागितली नाही. लोक म्हणायचे, काय दिलदार माणूस आहे! होता ना दिलदार. पण त्याला माणसं हवी होती, आणि माणसं हवीत हे सांगायला त्याची जीभ उचलत नव्हती, हेही तितकंच खरं.

मग जुलैत चर्चच्या पायरीवरून त्याचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. फार्गोच्या इस्पितळात ऑपरेशन झालं, नंतर चालायचा सराव करून घेणाऱ्या ठिकाणी पाच आठवडे काढले. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेच्या यादीत त्याचं नाव वाचलं गेलं, आणि तिथून सगळा घोटाळा झाला.

त्याचं कारण पामर रूड. पामर ऐंशीच्या दशकात अचानक वारला तेव्हा त्याचा मोठा जॅक कोणाकडे तरी होता, आणि कोणाकडे ते त्याच्या बायकोला माहीत नव्हतं. ती बिचारी काळ्या कपड्यांत तीन घरांची दारं ठोठावत फिरली. जॅक चौथ्या घरी निघाला. त्या घरानं नंतर वर्षभर चर्चमध्ये मान वर केली नाही. तेव्हापासून आमच्याकडे अलिखित नियमच झाला, की माणूस अंथरुणाला खिळला की त्याची वस्तू आपल्या घरी ठेवायची नाही. आधी पोचवायची, मग प्रार्थना.

ऑगस्टच्या शेवटी लव्होननं ओर्लिनला घरी आणलं. लव्होन शाळेची बस चालवायची, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. तिनं त्याला आधी घरात नेलंच नाही. कुबड्यांसकट सरळ गॅरेजच्या दारात उभा केला आणि दार वर सरकवलं.

"बघ!" ती म्हणाली. "एक जागा रिकामी असेल तर सांग!"

खरंच नव्हती. भिंत ठासून भरली होती. पुलर होता, चेनकप्पी होती, अकरा वर्षांपूर्वी गेलेला अर्ध्या इंचाचा पाना होता, जो तो स्वतःही विसरला होता. सगळं घासून, तेल लावून. गाड्याला कोणीतरी हिरवा रंग दिला होता, चाकांत नवं ग्रीस भरलं होतं आणि वर ताडपत्री टाकली होती.

"गाडा वेंडेलनं रंगवला. आणि सगळ्यांना फोन मी केले," लव्होन म्हणाली. "तीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्या भिंतीला अंगभर कपडे मिळालेत. काय?"

"छान झालं," ओर्लिन म्हणाला.

"एवढंच?"

"खूप छान झालं."

लव्होन खूश झाली. आमच्याकडे 'खूप' म्हणजे फार मोठा शब्द आहे. ती गेल्यावर ओर्लिन मात्र कितीतरी वेळ तिथेच, बाबागाडीच्या चाकांच्या त्या छोट्या गाडीला टेकून उभा राहिला. तीस वर्षांची येणीजाणी पाच आठवड्यांत संपली होती, आणि त्या वेळी तो घरीसुद्धा नव्हता. कोणाला साधी कॉफीही विचारता आली नाही.

नंतरचे दोन महिने वाईट गेले. लोकांनी टाकलं होतं असं मुळीच नाही, उलट लोक त्याला जपत होते. "त्याला त्रास नको द्यायला" हे वाक्य आमच्या पंचक्रोशीत जितक्यांदा बोललं गेलं तितक्यांदा जर कोणी त्याचं दार वाजवलं असतं तर बिजागऱ्या निखळल्या असत्या. ज्याचा ट्रक बिघडला त्यानं शहरातून नवा पान्यांचा संच आणला, पण ओर्लिनला उठवलं नाही. कोणी बटाटे-खिम्याचं भाजलेलं जेवण आणायचं तर तेही पातळ पत्र्याच्या, फेकून द्यायच्या ताटलीत. "भांडं परत आणायची तसदी नको हं!" असं म्हणून दारातूनच मागे फिरायचे. अरे, तसदीच तर हवी होती त्याला! पण हे सांगणार कोण? तो मूग गिळून बसला आणि ताटल्या धुऊन एकावर एक रचत राहिला. करीनचा दर रविवारी फोन यायचा. "पप्पा, लोक येतात ना?" "येतात ना, येतात," तो म्हणायचा. रात्री झोपताना त्याला स्वतःचा आवाज ऐकून कधी कधी दचकायला व्हायचं, कारण दिवसभरात तो पहिल्यांदाच काहीतरी बोललेला असायचा.

ऑक्टोबरात त्याच्या स्वतःच्या ट्रकचा ब्रेक गेला. आमच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ टाकतात, ते खाली पत्रा खातं, नळ्या खातं. ब्रेकच्या तेलाची मागची नळी गंजून फुटली होती. नवी नळी वाकवून बसवायला त्याला चांगला आठवडा लागला. खुबा ठणकायचा, चाकांच्या फळीवर उताणं पडून ट्रकखाली जायचं म्हणजे आधी कुबडी, मग गुडघा, मग देवाचं नाव. पण बसवली. आता राहिलं शेवटचं काम. नळीत शिरलेली हवा काढायची.

हे काम दोन माणसांचं. एकानं ट्रकमध्ये बसून ब्रेक दाबायचा आणि दाबून धरायचा. दुसऱ्यानं चाकापाशी बसून तिथला छोटा स्क्रू सैल करायचा, हवेचे बुडबुडे आणि तेल बाहेर येऊ द्यायचं, स्क्रू आवळायचा, मग पुन्हा. चाळीस वर्षं ट्रकमध्ये मार्डेल बसायची. मांडीवर शब्दकोडं. तो खालून ओरडायचा, "दाब!" ती म्हणायची, "दाबलं!" "धर!" "धरलंय!" मध्येच म्हणायची, "पाच अक्षरी नदी सांग, लवकर." ती गेल्यापासून त्यानं ब्रेकला हातच लावला नव्हता. वेळच आली नव्हती, हे नशीब.

करीनला फोनवर नळीचं कळलं तेव्हा तिनं लगेच एक पंप पाठवला. हाताएवढा, डब्यात व्यवस्थित बसवलेला. तो चाकापाशी लावला की एकटा माणूस हवा ओढून काढू शकतो. दुसऱ्याची गरजच नाही. पोरीनं प्रेमानं पाठवला होता. ओर्लिननं डबा उघडला, पंप दोनदा हातानं चालवून बघितला. उत्तम होता. माल चांगला असला की त्याला कौतुक वाटायचं, तसं आताही वाटलं. मग त्यानं डबा मिटला आणि पहिल्यांदाच, मार्डेलच्या अंत्यविधीलाही रडला नव्हता तो माणूस, गॅरेजात बसून रडला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला तो घरातून निघाला. ट्रकला ब्रेक नाही, म्हणून गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरवर बसून. रस्त्याच्या कडेनं, ताशी चार मैलांच्या वेगानं, लोकरी टोपी कानांवर ओढून. हाउगनांचं घर दीड मैलावर. वेंडेल त्याच्याच वयाचा, दोन वर्षांपूर्वी शेती मुलाच्या हातात देऊन मोकळा झालेला. मोकळा म्हणजे कसा, ते त्याची बायको आर्डिस सांगते. ओर्लिनला दारात बघून ती म्हणाली, "बरं झालं आलास! याला ने बाबा कुठेतरी. सकाळपासून माझ्या मागे मागे फिरतोय. डबे अक्षरांप्रमाणे लावून ठेवलेत यानं माझे!"

"मसाले सापडत नव्हते तुला," वेंडेल म्हणाला.

"मिरी आणि दालचिनी! दोन मसाले आहेत घरात!"

तिघं कॉफीला बसले. ओर्लिन काही कारणानं आलाय हे दोघांनाही कळत होतं, पण कारण विचारायचं म्हणजे उद्धटपणा. मग हवेवर बोलणं झालं.

"ढग आलेत," वेंडेल म्हणाला.

"आलेत," ओर्लिन म्हणाला.

"बर्फ नसेल पण."

"नाही, बर्फ नसेल."

बीटात यंदा साखर किती, हे झालं. खुबा कसा आहे, हे झालं. "तक्रार नाही" म्हणून ओर्लिननं ते मिटवलं. पाऊण तास गेला आणि त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. सत्तर वर्षांत त्यानं कोणाकडे काही मागितलं नव्हतं. पाना नाही, जॅक नाही, हातभार नाही. द्यायचं कसं हे त्याच्याकडून शिकावं, पण मागायचं म्हटलं की गडी पार गारठला. शेवटी तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "बरं, निघतो मी."

आमच्याकडे निरोप तीनदा घेतात. एकदा टेबलापाशी, एकदा दारात, एकदा गाडीपाशी. टेबलापाशी तो गप्प राहिला. दारात गप्प राहिला. छोट्या ट्रॅक्टरवर बसला, इंजिन सुरू केलं, वेंडेल शेजारी खिशात हात घालून उभा. आता नाही तर कधीच नाही, हे ओर्लिनला कळत होतं.

"ट्रकच्या ब्रेकमधली हवा काढायचीय," तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला.

"हं," वेंडेल म्हणाला. "तुझ्याकडे तो पंप आहे ना? एकट्यानं हवा काढायचा. करीननं पाठवलेला. लव्होन सांगत होती."

"आहे."

"मोडला का?"

"नाही नाही. चांगलाय. फार चांगलाय." ओर्लिननं इंजिन बंद केलं. इतकं शांत झालं की आर्डिसची स्वयंपाकघरातली ताटंवाट्यांची आवराआवर अंगणात ऐकू आली. "तो बोलत नाही रे, वेंडेल."

वेंडेलनं त्याच्याकडे बघितलं. मग जमिनीकडे. मग म्हणाला, "टोपी घेऊन येतो."

पुढे गवताचा ट्रॅक्टर आणि मागे, चालायच्या वेगानं, दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकवत वेंडेलचा ट्रक, अशी ती वरात दीड मैल चालली. समोरून येणाऱ्या बीटाच्या ट्रकवाल्यांनी अंत्ययात्रा समजून, थांबून विचारलं, कोण गेलं म्हणून.

ओर्लिननं ट्रक आधीच टेकूंवर चढवून चारही चाकं काढून ठेवली होती. वेंडेल आत बसला, काच खाली केली. ओर्लिन मागच्या उजव्या बाजूला बुटक्या स्टुलावर बसला. तिथून सुरुवात करायची असते, सगळ्यात लांबून.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

स्क्रू सैल झाला, बाटलीत बुडबुडे आले. ओर्लिनला क्षणभर काही दिसेना. बाहीनं डोळे पुसून त्यानं स्क्रू आवळला. "सोड," तो म्हणाला.

दुसऱ्या चाकापाशी वेंडेलच बोलला, वरून, काचेतून, समोरच्या भिंतीकडे बघत. "गाडा परत आणून ठेवला ना मी, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात न्यायला निघालो होतो. अर्ध्या रस्त्यात आठवलं, आपल्याकडे ओढायला काही नाहीच. मुलगा सगळं कंपनीच्या माणसांकडून करून घेतो. मग वळलो."

"यायचं होतंस."

"रिकाम्या हातानं? कशाला आलास विचारलं असतंस तर काय सांगितलं असतं?"

"नसतं विचारलं."

"विचारतोस तू. सगळ्यांना विचारतोस."

ओर्लिननं पान्यावरचं तेल चिंधीला पुसलं. "आता नाही विचारणार," तो म्हणाला. "दाब."

"दाबलं."

तिसरं चाक झालं. चौथ्यालाही फार वेळ लागला नाही. शेवटी शेवटी बाटलीत नुसतं स्वच्छ, मधाच्या रंगाचं तेल येत होतं, एकही बुडबुडा नाही. ओर्लिननं स्क्रू आवळला. पाना हातात धरून तो स्टुलावर तसाच बसला. आत वेंडेलच्या पायाखाली ब्रेक वर आला होता आणि दगडासारखा घट्ट झाला होता. वेंडेलनं पन्नास वर्षं आपल्या ट्रकांची हवा काढली होती. असा ब्रेक पायाला लागला म्हणजे हवा संपली, हे कोणी त्याला सांगायला नको होतं.

"दाब," ओर्लिन खालून म्हणाला.

वेंडेल थांबला. "अजून आहे का रे हवा?"

फोनवर करीनला सांगितलेलं सोडलं तर ओर्लिन आयुष्यात पकडलेल्या माशाच्या लांबीबद्दलसुद्धा खोटं बोलला नव्हता. "आहे," तो म्हणाला. "थोडी आहे अजून."

"असेल, असेल," वेंडेल म्हणाला, आणि त्यानं सीटवर जरा ऐसपैस बैठक मारली. "पाठीमागच्या चाकांतही राहिली असेल. पुन्हा पहिल्यापासून घे."

ओर्लिननं स्टूल उचललं आणि लंगडत मागच्या उजव्या बाजूला गेला. बसला. तेलाचा नवा डबा फोडला.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय, ओर्लिन. धरलंय."